घाटाकडे जाणारा रस्ता

जुन्नर शहरातून पश्चिमेला आपटाळ्याच्या दिशेने निघणाऱ्या रस्त्यावर हिवाळ्यातील पहाटे दोन प्रकारची धावणारी माणसे आढळतात आणि ती एकमेकांकडे फारशी पाहत नाहीत. पहिल्या प्रकारात आसपासच्या वाड्यावस्त्यांवरील तरुण मुले-मुली मोडतात, ज्यांचे धावणे पोलीस भरतीच्या शारीरिक चाचणीसाठी असते. या चाचणीला त्यांच्या बोलीत ‘ग्राउंड’ म्हणतात, तिचे एकूण गुण ५० असतात आणि त्यांपैकी २० गुण मुलांसाठी १६०० मीटर व मुलींसाठी ८०० मीटर धावण्याला असतात. हे अंतर मोजून घेण्यासाठी मैलाच्या दगडापासून पुढे कुठेतरी डांबराच्या कडेला चुन्याची रेघ ओढलेली असते, पहिल्या पावसात ती पुसली जाते आणि पुढच्या भरतीची बातमी आली की पुन्हा उमटते. दुसऱ्या प्रकारात पुण्या-मुंबईहून शनिवारी मुक्कामाला आलेली मंडळी येतात. त्यांच्या मनगटावर अंतर, वेग आणि हृदयाचे ठोके मोजणारे घड्याळ असते, पाठीवर पाण्याची चपटी पिशवी असते आणि त्यांना कोठे पोहोचायचे असे काही नसते. रस्ता एकच, वेळही एकच. तरी एकाला त्या रस्त्याने नोकरीपर्यंत जायचे असते आणि दुसऱ्याला काही तासांपुरते नोकरीपासून दूर.

निसर्गरम्य हे विशेषण या दुसऱ्या प्रकारच्या धावपटूंनी आणले आहे, असे मानायला जागा आहे. चुन्याच्या रेघेपर्यंत जीव तोडून पळणाऱ्या मुलाला समोरचा डोंगर दिसत नाही असे नव्हे, पण तो डोंगर त्याच्या लहानपणापासून तेथेच असल्यामुळे त्याची दखल घेण्याचे त्याला कारण उरलेले नसते. पाहुण्याला मात्र सूर्य पाठीशी ठेवून पश्चिमेकडे धावताना समोरच्या कड्यांचे माथे आधी उजळतात, मग उजेड एकेक थर खाली उतरतो आणि पायथ्याची गावे सर्वांत शेवटी दिसू लागतात, या क्रमाचे अप्रूप असते. थर हा शब्द येथे शब्दशः घ्यायचा. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भूपृष्ठाच्या भेगांतून लाव्हारसाचे प्रवाह एकावर एक पसरत गेले आणि थिजले. त्यांपासून बनलेल्या काळ्या खडकाला बेसाल्ट म्हणतात, आणि सह्याद्रीच्या कड्यांवर ज्या आडव्या पट्ट्या दिसतात त्या या प्रवाहांच्याच. कठीण थर कड्यासारखा उभा राहतो, ठिसूळ थर झिजून उताराचा होतो. त्यामुळे या मुलखातील चढ सलग नसतो, काही अंतर सपाटी, मग दम काढणारा चढ, पुन्हा सपाटी, असा तो टप्प्याटप्प्याने येतो. मोटारीत बसलेल्याला हे कळण्याचे कारण नाही. पोटऱ्यांना मात्र लवकर कळते.

पायांना कळणारी आणखी एक गोष्ट म्हणजे या प्रदेशातील इतिहासाची मांडणी. जुन्नरच्या भोवती डोंगरांच्या कुशीत वेगवेगळ्या गटांत मिळून २०० हून अधिक खोदकामे आहेत: उत्तरेला कुकडीपलीकडे लेण्याद्री, पश्चिमेला पाडळीजवळ तुळजा लेणी, दक्षिणेला मानमोडीचा डोंगर आणि खुद्द शिवनेरीच्या कड्यातील लेणी. नकाशावर हे गट विखुरलेले वाटतात, परंतु त्यांना जोडणारी वाट धावत पालथी घातली तर त्यांचे शहरापासूनचे अंतर योगायोगाचे नाही हे ध्यानात येते. बौद्ध भिक्षूंना वस्तीच्या कोलाहलापासून दूर राहायचे होते आणि तरीही भिक्षेसाठी रोज वस्तीत जाऊन माध्याह्नापूर्वी भोजन उरकायचे होते. सकाळी उतरून जाता येईल आणि उन्हे चढण्यापूर्वी परतता येईल, एवढ्याच अंतरावर लेणे खोदणे त्यांना सोयीचे होते. आजच्या धावपटूच्या हिशेबात हे अंतर न्याहारीपूर्वीच्या फेरीचे भरते. दोन हजार वर्षांपूर्वी माणसाच्या पायाने ठरवलेले माप आजही माणसाच्या पायाला बरोबर बसते, यात नवल वाटण्याजोगे खरे तर काही नाही, कारण या काळात पाय बदललेले नाहीत.

या फेरीतील सर्वांत लोभस थांबा तुळजा लेण्यांचा. लेण्याद्रीला गिरिजात्मज गणपतीमुळे भाविकांची वर्दळ असते, अष्टविनायकांपैकी लेण्यात विराजमान असलेला हा एकच, आणि पायऱ्यांवर सकाळपासून डोलीवाल्यांची लगबग चालू असते; तुळजा लेण्यांकडे त्या मानाने कोणी फिरकत नाही. तेथील चैत्यगृह, म्हणजे स्तूप असलेले प्रार्थनास्थान, नेहमीच्या लांबट आकाराचे नसून वर्तुळाकार आहे. मध्ये स्तूप, त्याभोवती १२ अष्टकोनी खांब आणि त्यांच्याभोवती प्रदक्षिणेची अरुंद वाट. चार-पाच किलोमीटर धावून घामेजलेला माणूस त्या गारव्यात शिरला की त्याच्या श्वासाचा आवाज घुमटाकार छताला लागून परत येतो आणि काही क्षण त्याला संकोचल्यासारखे होते. प्रदक्षिणा हळू चालण्यासाठी असते. धावण्याच्या वेगाला तेथे अर्थ नाही, आणि तेथे शिरलेल्याच्या चालीत हा बदल कोणी न सांगता होतो.

लेण्यांतील शिलालेखांत दानांची नोंद आहे आणि ही दाने राजांपेक्षा सामान्य उद्योगी माणसांची अधिक आहेत. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने एक लेणे आणि पाण्याचे टाके दिले. श्रेणी म्हणजे एका धंद्यातील लोकांची संघटना, जिच्याकडे ठेवही ठेवली जाई. बांबूकाम करणाऱ्यांची आणि कासारांची श्रेणीही या लेखांत भेटते. इरिल नावाच्या यवनाने, म्हणजे ग्रीक वंशाच्या किंवा तशी ओळख सांगणाऱ्या माणसाने, दोन पोढी दिल्या. पोढी म्हणजे कातळात खोदलेले पाण्याचे टाके. दूरदेशीच्या माणसाला या डोंगरात पुण्य जोडायचे झाले तेव्हा त्याला मूर्ती किंवा कमान न सुचता पाणी सुचले, ही गोष्ट मार्च महिन्यात या वाटेवर धावलेल्या कोणालाही चटकन उमगेल. पोढीतील पाणी आता पिण्यासारखे राहिलेले नाही, आणि पिशवीची नळी तोंडात धरून धावणारा तिच्याकडे न पाहताच पुढे जातो.

या सर्व फेरीच्या मधोमध शिवनेरी आहे आणि तो जवळजवळ प्रत्येक वळणावरून दिसतो. १९ फेब्रुवारी १६३० रोजी येथे शिवाजी महाराजांचा जन्म झाला; २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत घेतलेल्या १२ मराठा किल्ल्यांमध्ये त्याचा समावेश झाला. मात्र धावण्याच्या दृष्टीने गड हे मुद्दाम केलेले अडथळे होत. दुर्गाची रचनाच अशी असते की वेगाने येणाऱ्याचा वेग मोडावा: वाट वळवायची, दरवाजा वळणाआड लपवायचा, समोर मोकळी जागा ठेवायची नाही म्हणजे हत्तीला धडक देण्यासाठी धाव घेता येत नाही, आणि एक दरवाजा पार केला की लगेच दुसऱ्याशी गाठ पडावी. शिवनेरीच्या राजमार्गावर असे सात दरवाजे आहेत आणि त्यांतील एकाचे नाव चक्क परवानगीचा दरवाजा आहे. पायऱ्यांवरून पळत जाऊन घड्याळात वेळ नोंदवणारे अलीकडे वाढले आहेत. त्यांना अडवणारे कोणी नसले तरी गडाची वास्तू त्यांच्याशी अजून आपल्या परीने झगडते. प्रत्येक दरवाज्यापाशी वळावे लागते, उंबऱ्यापाशी पाऊल तोकडे करावे लागते आणि लय तुटते. सतराव्या शतकातील शत्रूसाठी योजलेली ही युक्ती एकविसाव्या शतकातील हौशी माणसावरही तितकीच चालते.

तरीही वर्षातून एकदा शिवनेरी हा धावण्याचा आरंभबिंदू होतो. शिवजयंतीच्या आदल्या रात्री गावोगावची मंडळे टेम्पो करून गडावर येतात, मशाल पेटवतात आणि ही शिवज्योत हाती घेऊन पळत आपल्या गावाकडे निघतात. अंतर कधी दहा-वीस किलोमीटर असते, कधी शेकड्यांत जाते. मशाल एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जाते, ज्याची पाळी संपली तो टेम्पोत चढतो आणि पुढचा उडी मारून उतरतो. काहींच्या पायांत काही नसते. भगवा झेंडा, घोषणा, मागे हळूहळू येणाऱ्या गाडीचे दिवे आणि मशालीचा धूर अशी ही मिरवणूक फेब्रुवारीच्या थंडीत नारायणगावच्या बाजूला सरकताना दिसते. मॅरेथॉन शर्यतीला तिच्या दंतकथेतील ग्रीक निरोप्यामुळे आपण जो मान देतो, त्याच तोडीचे काही आपल्या डोळ्यांदेखत या रस्त्यावर दरवर्षी घडते, पण धावण्याच्या चर्चेत त्याचा उल्लेख येत नाही, कारण येथे कोणी पहिला येत नाही, कोणी वेळ लावत नाही आणि कोणा एकाने पूर्ण अंतर धावावे अशी अपेक्षाही नसते. सलग अंतर धावते ती ज्योत. धावण्याचा हा प्रकार शर्यतीपेक्षा जुन्या काळच्या डाकेला जवळचा आहे.

डाकेचा विषय निघाला म्हणून थोडे विषयांतर. मराठेशाहीत पत्रे आणि बातम्या नेणारे जासूद व काशीद होते. पुढे इंग्रजी अमलात टपालाची थैली पाठीवर टाकून टप्प्याटप्प्याने पळणारे हरकारे आले. हरकाऱ्याच्या हातात भाला किंवा काठी असे आणि तिला घुंगरे बांधलेली असत. त्या आवाजाने पुढच्या चौकीवरील माणूस सावध होई आणि जंगलातील जनावर बाजूला होई. जुन्नर तालुक्यात आज बिबट्याचा वावर इतका आहे की माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्र चालवावे लागते. धरणे झाली, कालव्यांचे पाणी आले, ऊस वाढला आणि उसाच्या दाट फडात बिबट्याच्या मादीला पिल्ले घालण्याजोगा आडोसा मिळाला. म्हणून अंधारात शेतावर जाणाऱ्याने हातात काठी ठेवावी, काठीला घुंगरू बांधावे, मोबाइलवर गाणी लावावीत, एकट्याने वाकून बसू नये अशा सूचना येथे दिल्या जातात. रात्रपाळीच्या विजेवर पाणी धरायला निघालेल्या शेतकऱ्याच्या हातात हरकाऱ्याची काठी अशी परत आली आहे. पहाटे धावणाऱ्या पाहुण्याच्या कानात मात्र गाणी वाजत असतात ती फक्त त्याला ऐकू येतील अशी. बिबट्याला त्यांचा काही उपयोग नाही आणि पाहुण्याला बिबट्याची चाहूल लागण्याची शक्यताही त्यामुळे मिटते. स्थानिक मुले घोळक्याने आणि मोठ्याने बोलत धावतात. त्यांना याचे कारण विचारले तर ती हसण्यावारी नेतील, पण उसाच्या कडेने जाताना त्यांचा आवाज चढतो हे खरे.

आपटाळ्याच्या पुढे ऊस मागे पडतो. जुन्नर तालुका पूर्व-पश्चिम लांब पसरला आहे आणि पूर्वेकडील कोरड्या मुलखापासून पश्चिमेच्या घाटमाथ्यापर्यंत पाऊस झपाट्याने वाढत जातो, त्यामुळे दोन-अडीच तासांच्या धावेत पिकांचा सारा पट बदलताना पाहता येतो. नारायणगावच्या बाजूचे टोमॅटो, कांदे आणि द्राक्षांचे मळे संपून येथे भातखाचरे लागतात, उतारावर नाचणी, वरई आणि खुरासणी दिसते, आणि त्याच्याही पुढे हिरड्याची झाडे, ज्यांची फळे वेचून महादेव कोळी कुटुंबे बाजारात आणतात. घरांची छपरे बदलतात, बांधांवरील दगड बदलतात, रस्त्याने भेटणाऱ्याचे बोलणेही किंचित बदलते. एका बाजूला माणिकडोह धरणाचा फुगवटा कधी जवळ येतो, कधी दूर जातो. उन्हाळ्यात पाणी ओसरले की काठावर पातळीच्या खुणा एकीखाली एक उघड्या पडतात आणि त्या ओल्या गाळावर हंगामी पीक घेतले जाते. चावंडचा किल्ला उजव्या हाताला ठेवावा की डाव्या, हे वाट निवडणाऱ्यावर आहे, पण त्याच्या पायऱ्यांकडे पाहणे टाळू नये. १८१८ मध्ये पेशवाई संपल्यावर इंग्रजांनी या भागातील गडांच्या तटांपेक्षाही त्यांच्या वाटांवर हत्यार चालवले. पायऱ्या फोडल्या की गड आपोआप निकामी होतो हे त्यांना पक्के कळले होते. चावंडवर चढताना एका टप्प्यात आज आधारासाठी गज लावलेले आहेत, ते त्या फोडलेल्या पायऱ्यांच्या जागी. पुढे पूर गावात कुकडी नदीच्या उगमाजवळचे कुकडेश्वराचे कोरीव दगडी मंदिर लागते. धावणारे तेथे पाणी पितात आणि निघतात, मंदिराकडे पाहायला वेळ द्यायचा तर स्वतंत्र दिवस हवा.

शेवटचा टप्पा घाटघरचा. जीवधन किल्ल्याचा कातळ समोर उभा राहतो, त्याच्या कडेला वानरलिंगीचा सुळका वेगळा झालेला दिसतो, आणि रस्ता एका उघड्या पठारावर येतो, जेथे पावसाळ्यात वारा समोरून इतका जोराने येतो की खाली पडणारे पाणी उलटे वर उडते. आणि मग जमीन संपते. हा शेवट कोणत्याही पूर्वसूचनेशिवाय येतो. तीस-पस्तीस किलोमीटर पायांखाली असलेले पठार एका पावलात तुटते आणि खाली कोकण, मुरबाडच्या बाजूची शेते आणि वैशाखरे गावाकडे उतरणारी नळी दिसते. हा नाणेघाट. कल्याण आणि सोपारा या बंदरांवर उतरलेला माल याच खिंडीतून वर चढून जुन्नरमार्गे प्रतिष्ठानला, म्हणजे आजच्या पैठणला, जात असे. येथील दगडी रांजण जकातीची नाणी टाकण्यासाठी होता असे परंपरा सांगते. रांजणात आज पावसाचे पाणी व प्लास्टिकच्या बाटल्या साठतात.

खिंडीच्या तोंडाशी एक लेणे आहे. १८२८ मध्ये विल्यम साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने त्याच्याकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. डाव्या-उजव्या भिंतींवर सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतील लांबलचक लेख आहे, ज्यात यज्ञ आणि त्यांच्या दक्षिणेत दिलेल्या गाई, घोडे, हत्ती व कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, यांची मोजदाद आहे. भारतातील अंकचिन्हांच्या सर्वांत जुन्या नमुन्यांपैकी काही याच लेखात सापडतात. जेथे जकात मोजली जात होती तेथेच दानही मोजून लिहिले गेले, हे सुसंगतच म्हणायचे. समोरच्या भिंतीवर एकेकाळी राजकुटुंबाच्या मूर्तींची रांग होती: सिमुक, सातकर्णी, नागनिका, कुमार, एक महारठी. आता मूर्ती नाहीत. भिंतीच्या वरच्या अंगाला त्यांची नावे आहेत आणि खाली, जमिनीलगत, पावलांचे अवशेष आहेत, मध्ये मोकळा कातळ. नाव आणि पाऊल यांच्यामधले सगळे शरीर झिजून किंवा फोडून गेले आहे. या पावलांजवळ गुडघ्यांवर हात टेकून दम खाणारा धावपटू त्या राजांपेक्षा खाली वैशाखऱ्याहून पाठीवर गोणी घेऊन चढलेल्या बैलाच्या आणि हमालाच्या अधिक जवळचा असतो, जरी त्याच्या पाठीवर पाण्याच्या पिशवीशिवाय ओझे नसते आणि वर पोहोचल्यावर त्याला कोणी जकात मागत नाही.

२०१८ मध्ये जुन्नरला पर्यटन तालुका म्हणून शासनाने घोषित केले आणि त्यानंतर या वाटांचे काय करायचे याविषयी बोलणे वाढले आहे. धावण्यासाठी आखलेले मार्ग, अंतराचे फलक, शर्यती, पदके हे सारे साताऱ्यात आणि लोणावळ्यात आले तसे येथेही येईल. त्यात वाईट काही नाही. फक्त त्या वेळी भरतीच्या मुलांची चुन्याची रेघ पुसली जाऊ नये आणि शर्यतीच्या सकाळी त्यांना रस्ता सोडायला सांगितले जाऊ नये, एवढे पाहिले तरी पुष्कळ.

राहतो प्रश्न दिशेचा. जुन्नरहून निघून घाटावर संपणारी धाव नाट्यमय असते, कारण शेवटी कडा लागतो. पण पावसाळी वारा पश्चिमेचा असल्याने तो अखेरपर्यंत तोंडावर घ्यावा लागतो आणि परतीला घाटघरहून एसटीची वाट पाहावी लागते. घाटघरहून निघून जुन्नरला येणारी धाव तुलनेने सोपी, वारा पाठीशी, मात्र सकाळचे ऊन थेट डोळ्यांवर. तांड्यांच्या हिशेबात दोन्ही दिशा सारख्याच होत्या, कारण मीठ वर येत होते आणि धान्य व कापड खाली जात होते, रिकाम्या पाठीने परतणे कोणालाच परवडणारे नव्हते. जुन्नरमधील काही जुने धावणारे पूर्वेकडे येणारी धाव पसंत करतात, आणि कारण विचारले तर शहरात शिरताना बाजारपेठेतील पहिला चहा नुकताच उकळलेला असतो, असे सांगतात.